दाढीवाल्याचा नवस

मार्च लागला की मला लोकांचा संशय यायला लागतो. एरवी येत नाही असं नाही, पण मार्चमध्ये जरा जास्तच. कडुनिंबाची पानं गळायला लागतात, दुपारी वारा सुटतो आणि ती वाळकी पानं फाटकापासून दारापर्यंत खरखरत येतात. मी उठून बघते, कोण आलं. कोणीच नसतं. समोरच्या गच्चीवर एक मुलगी पुस्तक छातीशी धरून येरझाऱ्या घालते, तिचे ओठ हलत असतात, आणि मला अगदी पक्कं वाटतं की ही पाठांतर करत नाहीये, गाणं म्हणतेय. तिच्या आईलाही तेच वाटत असणार, कारण खालून मधून मधून हाक येते, "हो गया क्या?"

परीक्षेचा मोसम म्हणजे मुळात संशयाचाच मोसम. आईचा मुलीवर संशय, मुलीचा मैत्रिणीवर. "कुछ नहीं पढ़ा यार," असं जी रडवेल्या तोंडाने सांगते तिचं सगळं वाचून, वर उजळणीही झालेली असते. पर्यवेक्षकाचा सगळ्यांवर संशय आणि सगळ्यांचा पेपर काढणाऱ्यावर. मी अशा हवेत वाढले. त्यामुळे कोणी माझ्याशी फारच चांगलं वागलं की मी आधी दोन पावलं मागे सरकते. हा माझा दोष आहे असं लोक म्हणतात. मला तसं म्हणणाऱ्यांचाही संशय येतो.

परवा आमच्या महिला मंडळात माझा लेखिका म्हणून सत्कार होता. शाल, नारळ, एक कुंडी. एका तरुण मुलीने माईक हातात घेऊन विचारलं, "ताई, तुमच्या लेखनामागची प्रेरणा कोण?" या प्रश्नाचं सभ्य उत्तर ठरलेलं असतं. मी म्हटलं, "माझी आई." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या आईने मात्र तोंड असं केलं की जणू चहात मीठ पडलंय. परतताना रिक्षात तिने नारळाची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "चारचौघांत खोटं कशाला बोललीस? तो दाढीवाला होता ना?"

आईने माझं छापून आलेलं एक अक्षर आजवर वाचलेलं नाही. म्हणजे वाचलेलं नाही असं तिचं म्हणणं आहे. पुस्तक आलं की ती ते देवापुढे ठेवते, हळदकुंकू लावते आणि कपाटात सरकवते. "ते तुझं नि त्या दाढीवाल्याचं," म्हणते. "मी कशाला मध्ये पडू?" लोक वाचतात, चार बरे शब्द बोलतात, पण मला त्याचं काही वाटेनासं होतं. माझ्या घरात एक दार माझ्यासाठी बंद आहे आणि त्याची सुरुवात पिपलानी या हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या वसाहतीतल्या एका मार्चपासून झाली.

बाबा कारखान्यात फोरमन होते. आमचा क्वार्टर तळमजल्यावर, दोन खोल्यांचा. मागे पेरू, पुढे मेंदीचं कुंपण. पाळी बदलताना भोंगा वाजायचा आणि सगळ्या ब्लॉकमधल्या स्कूटर एकदमच खोकायला लागायच्या. बाबांची रात्रपाळी असली की दिवसभर आमच्या घरात कुजबुजून बोलायचं, कुकरची शिट्टी सुद्धा आई हाताने उचलून धरायची. त्यातून टेबल एकच. त्यावर इस्त्री, मिक्सर, पोळ्यांचा डबा आणि बाबांचं हेल्मेट. मी दहावीला. मला मोठ्याने वाचायची सवय आणि लपून लिहायची. ब्लॉकमध्ये कोण कोणाकडे का जातं, कोणाच्या दोरीवरचे कपडे का बदलले, यावर मी पानंच्या पानं लिहीत असे. मराठीत लिहायचे, कारण आजूबाजूला ती कोणाला धड कळत नसे. संशयी माणसाला भाषा निवडताना सुद्धा आडोसा लागतो.

वरच्या मजल्यावर लिली आंटी राहायच्या. केरळच्या, कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. त्यांची शीबा माझ्याच वर्गात. त्यांच्याकडे खिडकीजवळ एक रिकामं टेबल होतं. अख्खं रिकामं! त्यावर फक्त एक मेणबत्ती आणि कोणाच्या तरी निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ. "इधर पढ़ो मोळे," आंटी म्हणाल्या. मोळे म्हणजे मुली, बाळे. मी त्या टेबलाला कोपर टेकलं आणि मला कळलं की लिहायला जागा लागते, नुसती वही पुरत नाही. तिथून मला उठवलं असतं तर माझं लिहिणं त्याच वर्षी मिटलं असतं. हे मी आज शहाणपणाने सांगत नाहीये, तेव्हाही मला ते अगदी स्पष्ट माहीत होतं, आणि म्हणूनच मला भीती वाटायची.

त्यांच्या घरी परीक्षेआधी एक प्रथा होती. बिस्किटांच्या गोल पत्र्याच्या डब्यात संतांची छोटी छोटी चित्रं होती, कडेला सोनेरी रेघ असलेली. प्रत्येक मुलाने एक संत निवडायचा. परीक्षा होईपर्यंत तो तुमचा पाठीराखा. आंटींनी डबा माझ्याही पुढे केला. "तू भी ले." मी हात मागे घेतला. फुकट मिळणारा पाठीराखा? एवढा मोठा देवमाणूस, परदेशातला, मेलेला, आणि माझ्या गणिताच्या पेपराची काळजी करणार? कशासाठी?

मग मी एकेकाची चौकशी सुरू केली. मुलगी बघायला आलेल्यांकडे आमची मामी करायची तशी. काय करतो, घरचं काय, कशाने गेला. शीबाचा दरवर्षीचा संत ठरलेला होता, कुपर्तिनोचा योसेफ. अभ्यासात अगदी ढ. म्हणे परीक्षेत त्याला नेमका तोच एक उतारा विचारला जो त्याला येत होता, आणि तो पास झाला. "म्हणजे पेपर फुटला होता," मी म्हटलं. शीबा भडकली. "अरे वो उड़ता भी था!" हे ऐकून तर माझी खात्रीच पटली. दुसऱ्या चित्रात संत लुसी, तिच्या हातात तबक होतं आणि तबकात तिचेच डोळे. मी ते चित्र पालथं करून ठेवलं. मग आविलाची तेरेसा आली, हातात पीस, समोर पुस्तक, आणि खांद्याशी कबूतर. ते कबूतर कानात सांगतं ते ती लिहिते, असं आंटींनी समजावलं. बाई दिसायला छान होती, पण मला पटेना. सगळं कबूतर सांगणार, मग हिचं काय? आणि कबूतर खरं सांगतंय कशावरून?

डब्याच्या तळाशी एक टकला, दाढीवाला निघाला. हातात लेखणी. चेहरा असा की शेजारी बसवून चहा द्यावा. "ये फ्रान्सिस द सेल्स," आंटी म्हणाल्या. "लिखनेवालों का है. लोग इसके मुँह पर दरवाज़ा बंद करते थे. तो ये रात-दिन बैठ के लिखता था और कागज़ दरवाज़े के नीचे से अंदर डालता था."

दाराखालून! बंद दार, आतली माणसं, आणि फटीतून आत सरकणारा कागद. मी तर असंच काहीतरी करत होते, फक्त उलट, मी फटीतून बाहेर बघत होते. लगेच पुढचा प्रश्न सुचला. "पण तो लिहायचा काय?" आंटी प्रामाणिक बाई. म्हणाल्या, लोक दुसऱ्या पंथात गेले होते, त्यांना परत बोलवायला लिहायचा. म्हणजे घ्या! आई ज्या गोष्टीला घाबरून मला वर पाठवताना उंबऱ्याशी थांबायची, नेमकं तेच काम करणारा माणूस लिहिणाऱ्यांचा मालक होता. मी ते चित्र डब्यात परत टाकलं, मग काढलं, पुन्हा टाकलं. शेवटी कंपासपेटीत ठेवलं. त्याच्या हेतूवर माझा विश्वास नव्हता, पण त्याची युक्ती मला सोडवेना.

आणि मग व्हायला नको ते झालं. मला लिहिता यायला लागलं. खरं सांगते. इतिहासाचं पुस्तक उघडून बसायचे आणि हाताखाली भलतंच उतरायचं, पण सरळ उतरायचं, अडखळत नाही. दुपारच्या वाऱ्याने खिडकीची कडी वाजायची, खालून मोहरीच्या फोडणीचा वास, आंटींच्या स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाचा, आणि मध्ये मी. त्यांचे तेव्हा ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, मांसमच्छी बंद. आईचेही गुरुवार, चतुर्थी चालूच. दोन्ही मजल्यांवर पोटं रिकामी आणि मी मधल्या जिन्यात साबुदाण्याची खिचडी खात बसलेली. मी कंपासपेटी उघडून दाढीवाल्याकडे बघायचे. इतकं चांगलं चाललंय म्हणजे हा काहीतरी मागणार.

मागितलं ते मात्र आईने. जवाहर चौकाजवळची मामी आली होती. ती कधीही आली की जाताना एक काडी टाकून जायची. "पोरगी वर जाऊन करते काय एवढं? लक्ष ठेवा बाई. त्यांच्यात आधी फोटो देतात." मामी गेली, आईने माझी कंपासपेटी उघडली, आणि बाबा झोपले होते म्हणून माझी सगळी उलटतपासणी कुजबुजत झाली.

"हा कोण?"

"संत आहे. लिहिणाऱ्यांचा."

"याच्यापाशी काही बोललीस?"

"म्हटलं, मला लिहिता येऊ दे."

आई कंपासपेटी घेऊन खाली बसली. "आणि बदल्यात काय कबूल केलंस?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?" तिचा आवाज चढला, बाबांनी कूस बदलली, तसा तो खाली आला. "अगं देवापाशी मागितलं आणि बदल्यात काही बोलली नाहीस? पोरी, हा नवस उघडाच राहिला की!"

तेव्हा मला कळलं की आईची भीती मामीच्या भीतीहून वेगळी होती. धर्म बदलेल वगैरे तिला तितकंसं वाटत नव्हतं. ती नागपूरकडची, सात पिढ्यांचे नवस फेडण्यात वाढलेली. नवस बोलायचा म्हणजे दोन्ही बाजू बोलायच्या, मला हे दे, मी तुला ते वाहीन. देणं ठरलेलं नसेल तर देव काय वाटेल ते घेऊन जातो, ही तिची पक्की समजूत. ती हात पुसून उठली आणि मला घेऊन तडक वर गेली.

"लिलीजी, आपके इनको क्या चढ़ाना पड़ता है?" तिने उभ्याउभ्याच विचारलं.

आंटी हसल्या. "कुछ नहीं भाभीजी. बस प्रार्थना."

"कुछ तो लगता होगा. फल? मीठा? नारियल?"

"नहीं नहीं. ये कुछ नहीं लेता."

आई परत जिना उतरताना म्हणाली, "काही घेत नाही म्हणजे सगळंच घ्यायचा विचार असणार." आंटींनी थोडं काही मागितलं असतं तर बरं झालं असतं, एखादा शुक्रवार, एखादी मेणबत्ती. त्या साध्या बाईच्या चांगुलपणानेच घात केला.

आणखी दोन पायऱ्या उतरल्यावर थांबून आईने निकाल दिला. परीक्षा होईपर्यंत मी वर जायचं, कारण अभ्यास महत्त्वाचा. निकाल लागला की ती स्वतः त्याच्या देवळात जाऊन नारळ फोडेल, चित्र परत करेल, नवस फिटेल. "आणि मग हे लिहिणं बंद. त्याचं त्याला परत. अकरावीला सायन्स घ्यायचंय तुला." मला रडू येत होतं, आणि जिन्यात रडलं तर दोन्ही मजल्यांना ऐकू जातं.

त्या परीक्षेतलं मला फारसं आठवत नाही. होळीचा रंग नखांत राहिलेला आणि तोच हात उत्तरपत्रिकेवर. घामाने चिकटणारा कागद. केंद्राबाहेर पळसाची फुलं तुडवत उभे असलेले बाप, प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडाकडे. कूलरमध्ये नवी खस, म्हणजे वाळा, घातल्यावर येणारा ओला वास. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी शीबा हातात शिंदीची झावळी घेऊन आली आणि तिने ती आमच्या मेंदीच्या कुंपणात खोचून ठेवली. आईने ती काढली नाही. रोज येता-जाता तिच्याकडे संशयाने बघायची फक्त. मीही दिवस ढकलत होते, आणि प्रत्येक पान हे शेवटचंच असं धरून लिहीत होते. तेवढी घाई मला पुन्हा कधी झाली नाही.

निकाल चांगला लागला. इतका चांगला की आई जास्तच घाबरली. लिली आंटी ड्यूटीवर असताना, भर दुपारी, पिशवीत नारळ आणि हळदकुंकवाची पुडी घेऊन ती मला चर्चमध्ये घेऊन गेली. बाहेर गुलमोहर पेटलेला, आत गार आणि मेणाचा वास. चपला आम्ही दाराशी काढल्या, तिथे आणखी कोणाच्याच नव्हत्या. मी भिंतीने नजर फिरवली. मेरी होती, तिचा योसेफ होता, एक तरुण साधू होता, कडेवर बाळ आणि हातात फुलं घेतलेला. दाढीवाला नव्हताच. लेखणी कोणाच्याच हातात नव्हती.

आई सरळ त्या तरुण साधूपुढे जाऊन उभी राहिली. नारळ तिथे फोडता येणार नाही एवढं तिला कळत होतं. तिने तो अख्खाच त्याच्या पायाशी ठेवला, दगडी अंगठ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि मोठ्याने मराठीत म्हणाली, "तुमचं तुम्हाला मिळालं. आता पोरीला सोडा." झाडू मारणारी बाई थांबून बघायला लागली. माझ्या मनात एकच, भलत्यालाच दिला! नवस फिटला नाही. आई, तू फेडलास तो दुसऱ्याचाच.

संध्याकाळी ते चित्र वाटीभर शिऱ्याबरोबर वर परत गेलं. घरात सांगून झालं, मामीला कळवून झालं, प्रकरण मिटलं. मी सायन्स घेतलं, आणि लिहीत राहिले. वरच्या टेबलावरच. माझा हिशेब साधा होता. त्याचं देणं जोवर दिलेलं नाही, तोवर त्याने मला सोडलेलं नाही. आई मला वर जाताना बघायची, काही विचारायची नाही. फक्त त्या दिवसापासून तिने माझ्या वहीला हात लावणं सोडलं.

पुढे लिली आंटी निवृत्त होऊन गावी गेल्या, आमचाही क्वार्टर सुटला. आता मी तिथून जवळच्याच एका कॉलनीत राहते, आई माझ्याजवळ. लोक आपल्या लेखनासाठी दैवतं निवडतात, त्यांचे फोटो टेबलावर लावतात, ते मला जरा जास्तच भाबडं वाटतं. आपण निवडतो खरं, पण त्यांचं काय चाललंय ते आपल्याला कुठे ठाऊक असतं? एखादा परिच्छेद सहज जमला की मी अजून थांबते. हा याने दिला का? आणि वसुली कधी? आणि आपणही वाचणाऱ्याच्या दाराखालून कागद सरकवतो तेव्हा फार निर्मळ हेतूने सरकवतो असं नाही. त्याने आपल्या बाजूला यावं हेच मनात असतं. त्या बाबतीत आईचा संशय बरोबर होता.

तर परवा रिक्षात ती तसं बोलली, आणि काल सकाळी ती मटार सोलत बसली होती तेव्हा मी धीर केला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदाचं सांगून टाकलं. "आई, तेव्हा तू नारळ भलत्यालाच वाहिलास. तो दाढीवाला तिथे नव्हताच."

तिने शेंग उकलली, दाणे वाडग्यात पाडले. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"खाली हिंदीत नाव लिहिलं होतं. संत अंतोनी. मला काय वाचता येत नाही? आणि तुझा तो टकला, दाढीवाला. याच्या कडेवर पोर. मी आंधळी होते का तेव्हा?"

"मग? तिथे का ठेवलास?"

"कुठेतरी ठेवायला तर हवाच होता. तुझ्या मामीला सांगायचं होतं, बाबांना सांगायचं होतं." तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "त्याचाच त्याला दिला असता तर तुझं लिहिणं गेलं नसतं का? त्या दिवसांत तू जिना चढताना कशी चढायचीस ते मी बघत नव्हते होय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिला दिसलं, आणि ते तिला आवडलं नाही. "आता मटार कोमट पाण्यात टाक," म्हणाली.

"मग वाचत का नाहीस माझं?"

"भीती वाटते," ती म्हणाली. "मी वाचलं आणि मला फार आवडलं, तर त्याला कळायचं, की इकडचा नारळ राहिलाय."

दुपारी ती दार लोटून पडली. पानं अंगणात खरखरत होती. मी आतल्या खोलीत बसून हे सगळं लिहिलं, इथपर्यंत. मग कागदांची चळत घेऊन तिच्या दाराशी गेले, वाकले आणि फटीतून आत सरकवली. अर्धी गेली, अर्धी बाहेर राहिली. मी भिंतीला टेकून फरशीवर बसले. तिचा पलंग करकरला. पावलं आली, थांबली. मला नेहमीसारखा संशय आला की आता ती ते पायाने परत बाहेर ढकलणार.

कागद आत ओढले गेले.

"अगं ए," आतून आवाज आला, "माझा चष्मा बाहेर राहिलाय."